ख्याल शिकलेल्या गळ्याचं स्वतःचं गाणं

ख्यालात, म्हणजे राग फुलवत जाणाऱ्या मैफलीच्या गायनात, गाणं गाता गाता घडतं. बंदिश, म्हणजे आधी बांधलेली रचना, दोन-चार ओळींची. पुढचा अर्धा तास गायकाचा, तबल्याचा आणि त्या दिवशीच्या मनःस्थितीचा. स्वतःचं गाणं रचायला बसलं की हा हिशोब उलटतो. चार-साडेचार मिनिटांत काय घडणार ते आधी ठरवावं लागतं, आणि दर वेळी ओळखू येईल इतकं तसंच गावं लागतं. ख्याल शिकलेल्यांची पहिली गाणी बहुतेक इथेच अडतात. सूर पक्के असतात, ताना दाणेदार असतात, आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्या दिवशी एकही ओळ गुणगुणता येत नाही.

तालीमच आड येते असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते मुळीच पटत नाही. शारंगदेवाने तेराव्या शतकात शब्दरचनेला 'मातु' आणि स्वररचनेला 'धातु' म्हटलं. दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. सदारंग म्हणजे नियामत खाँ, प्रेमपिया म्हणजे फैयाज खाँ, गुणीदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित, रामरंग म्हणजे रामाश्रय झा. बंदिशीत स्वतःची मुद्रा, म्हणजे टोपणनाव, घालणारी ही सगळी मंडळी रागातच मुरलेली होती. जगन्नाथबुवांकडे शिकलेल्या जितेंद्र अभिषेकींनी १९६४ साली 'मत्स्यगंधा' आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' या नाटकांची पदं बांधली, तीही रागदारीच्याच सामानातून. वाट जुनी आहे. त्या वाटेवर कोणतं सामान बरोबर घ्यायचं आणि कोणतं घरी ठेवायचं, एवढं मात्र नव्याने शिकावं लागतं.

सुरुवात शब्दांपासून करावी. ख्यालात एक अक्षर आठ-दहा मात्रा सहज पसरतं आणि कोणाचं काही बिघडत नाही. गाण्यात मात्र शब्द तुटला की अर्थ तुटतो. म्हणून चाल सुचण्याआधी ओळ मोठ्याने वाचा, लघु-गुरू मोजा आणि तिच्यातच दडलेला ठेका शोधा. उदाहरणाला ही ओळ घ्या: 'पावसाने वाट माझी आज सारी मोडली'. गालगागा गालगागा गालगागा गालगा; गा म्हणजे दोन मात्रांचा गुरू, ल म्हणजे एका मात्रेचा लघु. प्रत्येक गट सात मात्रांचा, शेवटचा पाचांचा. आता सात मात्रांच्या रूपक तालाचे विभाग आठवा: तीन-दोन-दोन. 'पाव' तीन, 'सा' दोन, 'ने' दोन. 'वाट' तीन, 'मा' दोन, 'झी' दोन. ओळ चार आवर्तनांत, म्हणजे तालाच्या चार फेऱ्यांत, चपखल बसते आणि अखेरीस दोन मात्रा उरतात, त्या श्वासाच्या. वृत्तानेच ताल सांगितला, श्वासाची जागाही दाखवली. हीच ओळ आठ मात्रांच्या केरव्यात बसवायची तर दर गटात एक मात्रा वाढवावी लागेल. ती 'ने', 'झी', 'री' अशा शेवटच्या गुरूवर वाढवा. 'वाट'मधल्या 'ट'वर वाढवली तर 'वाटऽ' असा उच्चार होतो, आणि मराठीत 'ट'मधला तो अ बोलताना जवळजवळ नसतोच. नव्या गाण्यांमध्ये कानाला खटकणारी निम्मी ठिकाणं हीच असतात, असं माझं मत आहे.

उच्चाराची दुसरी खोड बंदिशींतून येते. वर्षानुवर्षं ब्रज शब्द गायल्यावर 'आज'मधला ज हिंदी वळणाचा होतो. मराठी 'आज'मधला ज दंत्य आहे. 'माझा' म्हणताना झ दंत्य, पण 'माझी' म्हणताना तालव्य, कारण पुढे ई आहे. 'चांदणं' दंत्य, 'चंद्र' तालव्य. ब्रजात ळ नाही, त्यामुळे द्रुत ओळीत 'सावळा'चा 'सावला' कधी झाला ते गाणाऱ्याला कळतही नाही. उपाय साधा आहे. चाल बाजूला ठेवून ओळ लयीत नुसती बोलायची, मोबाइलवर मुद्रित करायची, आणि मग गायलेली ओळ त्याच्या शेजारी लावून ऐकायची.

आणखी एक गोष्ट लिहितानाच बघावी: वरच्या सुरांवर आ, ई, ऊ यांतला कोणता स्वर येतो. हार्मोनियमची काळी चार ही पट्टी सा म्हणून घेणाऱ्या गायिकेचा मध्य सा २०८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे तार सा ४१५ च्या आसपास. ई आणि ऊ यांचा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या जवळ असतो. सूर त्याच्यावर गेला की ते स्वर स्वच्छ उमटत नाहीत. तोंड आपोआप उघडतं आणि ई ऐकू येते ए सारखी. आवाज घासला जातो तो वेगळाच. म्हणून अंतऱ्याच्या, म्हणजे कडव्याच्या, शिखरावर 'तुझी'पेक्षा 'तुझा' बरा, 'ऊन'पेक्षा 'आभाळ' बरं. कवीबरोबर काम करत असाल तर हे आधीच सांगून ठेवा. चाल झाल्यावर शब्द बदलायला सांगितलं की मनं दुखावतात.

आता चाल. तानपुरा आणि ठेका लावून वीस मिनिटं ओळ निरनिराळ्या अंगांनी म्हणा, सगळं मुद्रित करा आणि ते त्या दिवशी ऐकू नका. दुसऱ्या दिवशी, मुद्रण न लावता, जे आठवेल तेवढंच घ्या. उरलेलं कितीही सुंदर असलं तरी ते विस्ताराचं सामान होतं. मुखड्याला, म्हणजे गाण्यात परत परत येणाऱ्या सुरुवातीला, पाच-सहा सूर पुरतात. एका ओळीत एकच मुरकी (सुरांची झटकन घेतलेली गुंफण) ठेवा, आणि ती ज्या शब्दाला पेलते त्याच शब्दावर. हरकत, म्हणजे सुरांची छोटी सजावट, ओळीच्या शेवटी शोभते. मध्ये घातली की पुढचा शब्द उशिरा पोचतो. मग मुखडा सलग दहा वेळा जसाच्या तसा गा. ख्याल गायकाला हा व्यायाम सर्वांत जड जातो, कारण तिसऱ्या वेळेपासून गळा आपोआप नवी जागा घ्यायला धावतो. दहाव्या वेळीही सहाच्या सहा सूर तेच राहिले तर मुखडा ठरला. प्रत्यक्ष गाताना पहिल्या दोन खेपेला काहीही बदलू नये. तिसऱ्या खेपेला उपज, म्हणजे ऐनवेळी सुचलेली नवी जागा, घेतली तर ऐकणाऱ्याला ती बदल म्हणून कळते. मूळच मनात बसलेलं नसेल तर उपज कशाची, हे त्याला कसं समजणार?

अंतऱ्याची सवयही तपासावी. बंदिशीचा अंतरा बहुधा मध्य गंधार-पंचमाकडून उठून तार षड्जावर जातो. गाण्यातले सगळे अंतरे तसेच उठले तर दुसऱ्यात काही नवं उरत नाही. एक अंतरा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, धैवताकडून सुरू करून पाहा. रागाबाहेरचा सूर घ्यायचा असेल तर जिथे कवितेचा भाव वळतो त्या शब्दावरच घ्या, आणि त्याला परंपरेतली वाट शोधा. यमनात शुद्ध मध्यम हवा असला तर दोन गंधारांच्या मध्ये अलगद घ्यावा, यमनकल्याणात घेतात तसा. तिथे तो घुसखोर वाटत नाही.

लांबीचा हिशोब कागदावर करा. रूपक मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत धरला तर आवर्तन साडेतीन सेकंदांचं आणि वरची ओळ चौदा सेकंदांची. दोन ओळींचा मुखडा दोनदा म्हटला की ५६ सेकंद झाले. चार ओळींचा अंतरा ५६, त्यानंतर परतणारा मुखडा २८. दोन अंतऱ्यांचं गाणं ३ मिनिटं ४४ सेकंदांचं होतं. सुरुवातीचा तुकडा आणि दोन मधले तुकडे प्रत्येकी चौदा सेकंदांचे धरले तर ४ मिनिटं २६ सेकंद. तिसरा अंतरा घातला की त्याच्या परतीच्या मुखड्यासकट आणि आधीच्या तुकड्यासकट सहा मिनिटं ओलांडतात. म्हणून तिसरा अंतरा कितीही आवडता असला तरी आधी दोन अंतऱ्यांचं गाणं उभं करावं. लिहिणाऱ्यालाही याने शिस्त लागते.

सा कोणता घ्यायचा? रियाजाचा सा आणि गाण्याचा सा एकच असण्याची गरज नाही. मैफलीत अडीच-तीन सप्तकं फिरायची असतात, म्हणून सा मध्यावर बांधलेला असतो. गाण्याचा पल्ला दीड सप्तकाचाही नसतो. चालीतला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर काढा. खालच्या सुरावरचा शब्द माइकशिवाय चार हातांवर कळतो का ते पाहा, आणि वरचा सूर सलग पाच वेळा न ताणता लागतो का तेही. या दोन कसोट्यांत बसेल तो सा. बोलण्याची पट्टी मध्य सा च्या आजूबाजूलाच असते, त्यामुळे मुखडा मंद्र पंचम ते मध्य पंचम एवढ्यात राहिला तर शब्द सांगितल्यासारखे पोचतात. गिटार साथीला असेल तर वादकाशी आधी बोला. काळी चार त्याला मोकळ्या तारांवर मिळत नाही; गिटारच्या मानेवरच्या पहिल्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून तो जी चे आकार वाजवतो. काळी पाच हवी असेल तर तेच आकार आणि कॅपो तिसऱ्या पट्टीवर. काळी एक असेल तर सी चे आकार, कॅपो पहिलीवर. हे आधी ठरलं नाही तर तालमीचा पहिला तास यातच जातो.

इथून पुढे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, येतात, आणि खरा घोटाळाही. गिटारवादक किंवा कीबोर्डवादक कुशल असला तरी रागाचं व्याकरण त्याच्या हातात नसतं. ते समजावून सांगणं गायकाचं काम आहे.

पांढरी एक सा धरून यमन घ्या. सा-ग-प, रे-म-ध, ग-प-नि, प-नि-रे, ध-सा-ग, नि-रे-म, यातला म तीव्र. हे सहा कॉर्ड रागाच्याच सुरांत बसतात. पण पंचमावरच्या कॉर्डला सवयीने सातवा सूर जोडला की जी-सेव्हन होतो, आणि त्यात शुद्ध मध्यम येतो. गायक तीव्र मध्यम लावतो आहे, खाली शुद्ध मध्यम घुमतो आहे. ऐकणाऱ्याला गायकच बेसूर वाटतो. म-ध-सा हा शुद्ध मध्यमाचा कॉर्डही त्याच कारणाने वर्ज्य. याहून सूक्ष्म चूक म्हणजे डी (रे चा कॉर्ड) नंतर जी (प चा कॉर्ड), पुन्हा पुन्हा. यमनाचे सूर पंचमापासून मोजले तर बिलावल, म्हणजे सगळे शुद्ध सूर, होतो. डी-जी ही चाल कानाला सांगते की जी हेच घर आहे. सूर सगळे यमनाचे, तरी यमन नाहीसा होतो. यावर उपाय म्हणजे बेसमध्ये सा धरून ठेवणं, किंवा निदान प्रत्येक ओळीचा शेवट सा च्या कॉर्डवर करून तिथे पुरेसं थांबणं.

भूप रागात तर आणखी जपावं लागतं. पाचच सूर, पूर्ण तीन सुरी कॉर्ड दोनच मिळतात, सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकी ठिकाणी कॉर्डच्या मधल्या सुराऐवजी त्याच्या शेजारचा सूर घेणारे सस कॉर्ड वापरावेत, उदाहरणार्थ प-ध-रे किंवा रे-प-ध. आणि मूर्च्छना, म्हणजे त्याच सुरांतला दुसरा सूर सा मानणं, विसरू नका. बेस धैवतावर जाऊन बसला की भूपाचे तेच सूर धानी वाटतात. गंधारावर बसला तर मालकंस, पंचमावर दुर्गा, रिषभावर मेघाच्या जवळचं काहीतरी. हे मुद्दाम वापरलं तर फार सुंदर साधन आहे: गायकाची ओळ तीच, खाली बेस सरकला आणि अंधारून आलं. नकळत झालं तर मात्र गायकाला आपला सा हरवल्यासारखा वाटतो आणि का ते सांगता येत नाही. माझा आग्रह असा की पहिल्या गाण्याला दोन किंवा तीनच कॉर्ड घ्यावेत आणि तानपुरा काढू नये, फक्त मंद करावा.

श्रुतीचा प्रश्नही इथलाच. तानपुऱ्यावर पक्का झालेला शुद्ध गंधार कीबोर्डच्या गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरता असतो, धैवत १६, निषाद १२. पंचमाचा फरक दोनच सेंट, तो कोणाला कळत नाही. उलट कोमल गंधार कीबोर्डवर जवळजवळ १६ सेंट उतरलेला असतो. गंधारावर लांब ठेहराव असला आणि कीबोर्डवर तोच सूर धरलेला असला की दोन गंधार एकमेकांवर घासतात. गळा बदलायला जाऊ नका, कमावलेलं बिघडेल. त्या ठिकाणी वादकाला फक्त सा आणि प वाजवायला सांगा. मुद्रण झाल्यावर सूर सुधारणारं सॉफ्टवेअर सरसकट लावू देऊ नका. ते मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) पायऱ्या-पायऱ्यांची करतं आणि आंदोलन (सुराचा संथ झोका) सपाट करून टाकतं. एखादाच सूर घसरला असेल तर तेवढाच हाताने दुरुस्त करावा, आणि शक्य असेल तर ती ओळ पुन्हा गावी.

माइक हे वाद्य आहे आणि त्याचा रियाज लागतो. रंगमंचावरचा साधा डायनॅमिक माइक ओठांपासून पाच ते आठ सेंटिमीटरवर ठेवावा. त्याहून जवळ गेलं की खर्ज (खालचे सूर) फुगतो आणि शब्द जाड होतात. तार सप्तकात किंवा तानेत पंधरा-वीस सेंटिमीटर मागे या, पण सूर लावायच्या आधी. सूर लावून मागे आलं की आवाज विझल्यासारखा होतो. प, फ, ब, भ यांचा फटका बसत असेल तर माइक थोडा तिरका धरा. माइकची जाळी मुठीत झाकू नका, शिट्टी येते. मॉनिटर (गायकाला स्वतःचं ऐकवणारा स्पीकर) कुठे ठेवायचा ते माइकच्या प्रकारावर ठरतं: कार्डिऑइड असेल तर बरोबर मागे, सुपरकार्डिऑइड असेल तर मागच्या तिरक्या बाजूला, कारण त्याची बहिरी जागा साधारण १२५ अंशांवर असते. ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्याला तीनच गोष्टी सांगा: मॉनिटरमध्ये तानपुरा, माझा आवाज आणि एक लयवाद्य, गायनाच्या माइकवर ८० ते १०० हर्ट्झखालचं कापा, प्रतिध्वनी कमी ठेवा. मैफलीत भरपूर प्रतिध्वनीची सवय असते. शब्दप्रधान गाण्यात तोच शब्द खातो.

माइक आहे म्हणून पोकळ, हवा सोडणारा आवाज काढण्याचा मोह होतो. एका ओळीला तो रंग म्हणून चालेल; अख्ख्या गाण्याला नको, गळा कोरडा पडतो. खर्जाचा रियाज सुरूच ठेवा. हळू आवाजात सूर भरीव ठेवण्याची ताकद तिथूनच येते.

४५ मिनिटांच्या कार्यक्रमाला आठ गाणी पुरेत. छत्तीस मिनिटं गाणं, उरलेली नऊ बोलणं आणि वाद्य लावणं यात जातात. गाण्यांचा क्रम भावापेक्षा आधी पट्टीने लावा. तबला एखाद्या सुराइतका चढतो-उतरतो, त्याहून जास्त ओढला तर बोलेनासा होतो. म्हणून एका पट्टीची गाणी एकत्र, दोन पट्ट्यांना दोन तबले, आणि बदल एकदाच, मधोमध. पहिलं गाणं मध्य सप्तकातलं घ्या. रंगमंचावरचा आवाज पहिल्या तीन मिनिटांत कधीच मनासारखा नसतो. आलाप अर्ध्या मिनिटात आटपा. साथीदारांना मुखड्याची सम (तालाची पहिली मात्रा) बोटाने दाखवून चालत नाही. गिटार-ड्रमवाले एक मोजून उठतात आणि ख्यालाचा मुखडा समेच्या आधी चार-पाच मात्रांपासून उठतो. तो नेमका कितव्या मात्रेवर उठतो ते त्यांना लिहून द्या.

शेवटी कागदपत्रं, कारण आनंदात ती राहून जातात. गाणं पुरं झालं त्याच दिवशी शब्द कोणाचे, चाल कोणाची, कोणाचा वाटा किती टक्के हे एका पानावर लिहून तारीख आणि सह्या घ्या. भारतीय कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. गाण्याचं मुद्रण कोणाला दिलं म्हणजे चाल दिली असं होत नाही. हक्क सोपवण्याचा करार लेखीच लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहीने काढून घेता येत नाही, तेव्हा तसं कलम कोणी समोर ठेवलं तर नकार द्या.

आणि मुखडा जुन्या बंदिशीचा उचलत असाल तर 'पारंपरिक' लिहिण्याआधी तिच्यातली मुद्रा वाचा. रचनाकाराच्या मृत्यूनंतर सर्वसाधारणपणे साठ वर्षं हक्क चालतो. प्रेमपिया १९५० साली गेले, ती मुदत संपली. रामरंग २००९ साली गेले. त्यांची बंदिश घ्यायची तर परवानगी मागावी लागेल.